मोबाइलला घरच्या वाय-फायवर कायमचा पत्ता द्यायचा तर तो फोनमध्ये नको, राउटरमध्ये द्या

प्रश्न गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका घरचा आहे. घर चिऱ्याचे, जुने, मधोमध राजांगण म्हणजे मोकळा चौक, मागे कुळागर म्हणजे नारळ-सुपारीची बाग. माकडे नारळ-सुपारीवर उतरली की कळावे म्हणून एक जुना अँड्रॉइड फोन मागीलदारी बसवून त्याचा कॅमेरा केला आहे. त्या फोनचा आयपी पत्ता (नेटवर्कवर तो ज्या आकड्याने सापडतो तो) मधूनमधून बदलतो आणि मग टीव्हीवर, लॅपटॉपवर चित्र येत नाही. राउटरमध्ये जाऊन मॅक पत्ता (फोनच्या वाय-फायचा ओळख क्रमांक) आणि आयपी यांची जोडी बांधली, तरी काही दिवसांनी पत्ता पुन्हा वेगळाच. शेवटी घरातल्या सगळ्या फोनांत हाताने स्टॅटिक, म्हणजे न बदलणारे, पत्ते भरून टाकले. आता दुकानात गेल्यावर फोन वाय-फायला जोडला जातो, पण नेट चालत नाही. घर आणि दुकान दोन्हीकडे वाय-फायचे नाव आणि पासवर्ड सोयीसाठी एकच ठेवला आहे. शेवटची शंका मुलाच्या टॅबची: रात्री दहानंतर त्याचे नेट बंद करायचे तर त्यालाही कायमचा पत्ता लागेल का?

आधी काय करायचे ते सांगते. सगळ्या फोनांतले हाताने भरलेले पत्ते काढा आणि आयपी सेटिंग परत डीएचसीपीवर, म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता घेण्यावर, न्या. कायमचा पत्ता फक्त कॅमेऱ्याच्या फोनला हवा, आणि तो राउटरने द्यायला हवा. त्याआधी त्या फोनचा बदलता मॅक पत्ता बंद करा. टॅबला पत्त्याची गरज नाही, त्याचे काम वेगळ्या मार्गाने होते.

दुकानातले कोडे पहिल्यांदा सोडवू, कारण त्यातून बाकीचे समजते. तुम्ही फोनमध्ये स्टॅटिक पत्ता भरता तेव्हा तो त्या फोनला चिकटत नाही, त्या वाय-फायच्या नावाला चिकटतो. दुसऱ्या नावाच्या वाय-फायवर फोन मुकाट्याने आपोआप पत्ता घेतो, म्हणून पाहुण्यांकडे किंवा बँकेत तुम्हाला अडचण आली नसेल. पण घर आणि दुकान यांचे नाव एकच. फोनच्या दृष्टीने ती एकच जागा. घरचा राउटर १९२.१६८.१.१ वर आणि दुकानातला दुसऱ्या कंपनीचा, समजा १९२.१६८.२९.१ वर (जिओच्या फायबर राउटरचा पत्ता असाच असतो). फोन दुकानात बसून १९२.१६८.१.१ ला हाका मारत राहतो आणि तिथे त्या पत्त्यावर कोणीच नसते. पासवर्ड बरोबर असल्याने जोडणी होते, पुढे काही जात नाही. उपाय दोन: दुकानाचे नाव बदला, किंवा फोनमधला स्टॅटिक पत्ता काढा. मी दोन्ही करायला सांगेन.

खिशात फिरणाऱ्या फोनला स्टॅटिक पत्ता भरून देणे मला कधीच पटत नाही. फोन रोज चार नेटवर्कांतून जातो. घरचा राउटर उद्या बदलला, कंपनीने नवा दिला, आणि त्याचा पत्त्यांचा पट्टा १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.० निघाला, तर हाताने पत्ता भरलेला प्रत्येक फोन एकाच वेळी आंधळा होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचे कारण कळत नाही, ते म्हणतात नेट गेले. राउटरमध्ये बांधलेल्या पत्त्याचे तसे नाही. राउटर बदलला तर बांधणी जाते हे खरे, पण फोन चालू राहतात, पत्ता तेवढा दुसरा मिळतो.

आता मूळ दुखणे: बांधूनही पत्ता का बदलला?

पहिला संशय मॅक पत्त्यावर. राउटर फोनला ओळखतो तो मॅक पत्त्यावरून, आणि पूर्वी हा पत्ता कारखान्यातून आलेला, न बदलणारा असे. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, फोन खरा मॅक पत्ता दाखवत नाहीत. प्रत्येक वाय-फायसाठी एक बनावट पत्ता तयार करून तोच वापरतात. हेतू चांगला आहे. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर, मॉलमध्ये, हॉटेलात तुमचा माग कोणी काढू नये. पण घरच्या राउटरला त्यामुळे चकवा बसतो.

अँड्रॉइडचा हा बनावट पत्ता सहसा रोज बदलत नाही, हे लक्षात घ्या. तो नेटवर्कच्या नावाशी बांधलेला असतो आणि फोन फॅक्टरी रिसेट होईपर्यंत टिकतो. मग तुमच्याकडे बदल का झाला? तुमचा राउटर दोन नावे पसरवतो का ते बघा, एक साधे आणि एक शेवटी ‘५जी’ जोडलेले. या दोन नावांसाठी फोन दोन वेगवेगळे मॅक दाखवतो. चिऱ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मागीलदारी धड पोचत नाही, फोन ते सोडून २.४ गिगाहर्ट्झच्या साध्या नावावर येतो, आणि राउटरला वाटते नवाच कोणी आला. बांधणी पहिल्या मॅकसाठी होती, दुसऱ्याला मोकळ्यातला कुठलाही पत्ता मिळतो.

हे तपासणे सोपे आहे. राउटरच्या यादीत फोनचा मॅक बघा, आणि त्यातले दुसरे अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट मॅक आहे. कारखान्यातून आलेल्या मॅकमध्ये त्या जागी ही चार अक्षरे येत नाहीत. म्हणजे ‘डीए’ किंवा ‘७२’ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की फोनने मुखवटा घातला आहे.

बंद करायचे ते असे. अँड्रॉइडमध्ये वाय-फायच्या यादीत घरच्या नावाशेजारच्या गियरवर जा, ‘प्रायव्हसी’ उघडा आणि ‘यूज डिव्हाइस मॅक’ निवडा. सॅमसंगमध्ये हेच ‘मॅक ॲड्रेस टाइप’ या नावाखाली सापडते, तिथे ‘फोन मॅक’ घ्या. आयफोनमध्ये नावाशेजारच्या ‘आय’ वर जाऊन ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’. आयओएस १८ पासून तिथे ऑफ, फिक्स्ड आणि रोटेटिंग असे तीन पर्याय आहेत. घरी फिक्स्ड पुरते, रोटेटिंग मात्र नको, त्यात पत्ता साधारण दर दोन आठवड्यांनी बदलतो. ही सेटिंग त्या एकाच नेटवर्कपुरती असते, बाहेर तुमचा फोन पूर्वीसारखाच मुखवटा घालून फिरेल. म्हणून घरच्या वाय-फायवर ती बंद करायला भिऊ नका, आणि कृपा करून बाहेरच्या वाय-फायवर ती बंद करू नका.

दुसरा संशय राउटरच्या मेनूवर. तुम्ही ‘जोडी बांधली’ म्हणता, पण कुठल्या पानावर? काही राउटरांत, टीपी-लिंकमध्ये तर नक्कीच, ‘आयपी अँड मॅक बाइंडिंग’ नावाचे एक पान सुरक्षेच्या विभागात असते. ते पत्ता देत नाही. दुसऱ्या कोणी तो पत्ता आपला म्हणून वापरू नये, एवढीच राखण ते करते. पत्ता देणारे पान वेगळे: डीएचसीपी सर्व्हरच्या विभागातले ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’. इतर राउटरांत त्याला ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘डीएचसीपी बाइंडिंग’ म्हणतात. शंका आली तर एवढेच बघा, की ते पान डीएचसीपीखाली आहे ना.

तिथे आता काय भरायचे? कॅमेऱ्याच्या फोनचा खरा मॅक, आणि पत्ता समजा १९२.१६८.१.२०. सेव्ह करा. मग फोनचे वाय-फाय बंद करून परत चालू करा. हे विसरले की लोकांना वाटते काम झाले नाही. राउटर पत्ता देतो तो मुदतीवर, आणि फोन त्या मुदतीच्या अर्ध्यावर नूतनीकरण मागतो. मुदत २४ तासांची असेल तर फोन १२ तासांपर्यंत जुनाच पत्ता धरून बसेल, चूक काही नसताना.

हा २० क्रमांक राउटरच्या आपोआप वाटपाच्या पट्ट्यात असला तर चालेल का, असे हमखास विचारतात. काही राउटरांत हा पट्टा १०० ते १९९ असतो, काहींत २ ते २५४ म्हणजे सगळाच. रिझर्व्हेशन केले असेल तर पट्ट्याच्या आत असो वा बाहेर, दोन्ही चालते, कारण वाटणाराच तो बाजूला ठेवतो. काही जुने राउटर पट्ट्याच्या आतलाच मागतात, बाहेरचा दिला तर नकार देतात, मग आतला घ्या. पण फोनमध्ये हाताने भरलेला पत्ता पट्ट्याच्या बाहेरच हवा. राउटरला त्याची खबर नसते, तो तोच पत्ता दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.

गोव्यातल्या घरांत हे कधी उघडे पडते? चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. वर्षभर घरात चार फोन असतात, हाताने भरलेले पत्ते निमूट चालतात. चवथीला मुंबई-पुण्याची, बेळगावची मंडळी उतरते, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायच्या आधी वाय-फायचा पासवर्ड विचारला जातो, आणि संध्याकाळपर्यंत वीसेक फोन राउटरवर असतात. राउटर भराभर पत्ते वाटतो, त्यातला एखादा तुमच्या फोनमध्ये आधीच भरलेला निघतो. एका पत्त्यावर दोन फोन आले की दोघांचेही नेट अर्धवट चालते, कधी याचे, कधी त्याचे. हे दुखणे शोधायला सर्वांत त्रासदायक, कारण प्रत्येक वेळी वेगळ्याच माणसाची तक्रार येते. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून द्या. तुमचा कॅमेरा, प्रिंटर त्यांच्या नजरेआड राहतो आणि मूळ पासवर्ड गावभर होत नाही. फक्त कॅमेऱ्याचा फोन चुकून गेस्ट नेटवर्कवर जोडू नका, तिथली उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत आणि पत्ता कितीही पक्का असला तरी टीव्हीला चित्र मिळणार नाही.

पत्ते बदलण्याचे दुसरे मोठे कारण आपल्याकडे पाऊस. जूनपासून वीज येते-जाते, राउटर दर वेळी नव्याने सुरू होतो. कोणाला कुठला पत्ता दिला ही यादी अनेक घरगुती राउटर तात्पुरत्या मेमरीत ठेवतात, ती वीज गेली की पुसते. परत आल्यावर फोन सहसा आपला जुनाच पत्ता मागतात आणि तो मिळतो, पण दरम्यान कोणी पटकावला असेल तर नाही. रिझर्व्हेशन मात्र सेटिंगमध्ये साठवलेले असते, ते वीज गेली तरी राहते. शक्य असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही एका छोट्या १२ व्होल्टच्या राउटर यूपीएसवर ठेवा. दोघांचे ॲडॉप्टर खरोखर १२ व्होल्टचे आहेत ना, ते आधी वाचा. आणि रिझर्व्हेशनची यादी, कुठले उपकरण, मॅक, पत्ता, एका कागदावर लिहून मीटरच्या पेटीजवळ ठेवा. विजांच्या कडकडाटात राउटर जळला तर ती यादी तासाभराचे काम वाचवते.

तुमच्या घराची रचना ऐकून एक विचारते: आत दुसरा राउटर आहे का? चिऱ्याची भिंत जाड, त्यात राजांगणाच्या चारही बाजूंना खोल्या, म्हणजे एक राउटर मागीलदारापर्यंत पोचणे कठीण. बहुतेक जण मग बाजारातून दुसरा राउटर आणतात, पहिल्याची केबल त्याच्या निळ्या ‘वॅन’ पोर्टात घालतात आणि झाले म्हणतात. नेट मिळते, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. आतल्या राउटरवरचा फोन १९२.१६८.०.२० वर, टीव्ही बाहेरच्या राउटरवर १९२.१६८.१.३५ वर. आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत नाही. कॅमेरा आत आणि टीव्ही बाहेर असेल तर चित्र कधीच येणार नाही, आणि पत्ता बांधून काही उपयोग नाही. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल, पत्ते वाटणार नाही. तो पर्याय नसेल तर त्याला १९२.१६८.१.२ सारखा, वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा पत्ता द्या, त्याचा डीएचसीपी सर्व्हर बंद करा, आणि पहिल्याची केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात घाला. मग सगळ्या घराला पत्ते एकच राउटर वाटेल आणि रिझर्व्हेशन एकाच जागी राहील. दोन राउटर दोन्हीकडून पत्ते वाटत असतील, तर वर सांगितलेले सगळे पाण्यात.

फायबर कंपनीच्या डब्यात रिझर्व्हेशनचे पानच दिसत नाही, असेही होते. ग्राहकाला दिलेल्या लॉगिनमध्ये काही पाने लपवलेली असतात. अशा वेळी डब्यामागे स्वतःचा राउटर लावा, घरातली सगळी उपकरणे त्यावर घ्या आणि डब्याचे वाय-फाय बंद ठेवा. तेही नको असेल, तर तुमच्या परिस्थितीत कॅमेऱ्याच्या फोनमध्ये हाताने पत्ता भरायला माझी हरकत नाही, कारण तो फोन घराबाहेर जातच नाही. अँड्रॉइडमध्ये आयपी सेटिंग ‘स्टॅटिक’ करा. पत्ता पट्ट्याबाहेरचा, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, ‘नेटवर्क प्रिफिक्स लेंग्थ’ २४, आणि डीएनएसमध्येही राउटरचाच पत्ता. आयफोनमध्ये प्रिफिक्सऐवजी सबनेट मास्क विचारतात, तो २५५.२५५.२५५.०.

पत्ता पक्का झाला म्हणजे फोन कायम उत्तर देईल असे मात्र नाही. स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो आणि वाय-फायवरची हाक ऐकू येईनाशी होते. कॅमेऱ्याच्या ॲपसाठी ‘बॅटरी ऑप्टिमायझेशन’ बंद करा. ॲपला नाव आणि पासवर्ड लावा, नाहीतर घरच्या वाय-फायवरचा कोणीही ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२०:८०८० असे काहीतरी टाकून तुमचे मागीलदार बघेल. आणि हे कळकळीने सांगते: अहोरात्र चार्जरवर ठेवलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगते. दर आठवड्याला फोनची पाठ बघा. किंचित वर आलेली दिसली तर तो फोन त्याच दिवशी काढा. लाकडी तुळईवर, वाळत घातलेल्या सुपारीशेजारी तो कधीही ठेवू नका. शक्य असेल तर चार्जर टाइमरवर लावा, दिवसातून काही तास.

मुलाच्या टॅबबद्दल. पत्त्यावर बंदी घालणे हा कच्चा उपाय आहे. त्याने टॅबमध्ये दुसरा पत्ता भरला की बंदी संपली. मॅकवर बंदी घातली, तर वर सांगितलेला मुखवटा परत चालू केला की झाले, आणि शाळेतली मुले हे एकमेकांना शिकवतात. शिवाय राउटरवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर आयपीव्ही४ च्या, म्हणजे आतापर्यंत बोललो त्या जुन्या पद्धतीच्या, पत्त्यावर लावलेला नियम त्या वाटेला लागूच होत नाही. अँड्रॉइड राउटरच्या डीएचसीपीकडून आयपीव्ही६ पत्ता घेतही नाही, स्वतःच बनवतो, त्यामुळे तिथे रिझर्व्हेशनचा मार्ग नाही. वेळेचे बंधन टॅबमध्येच घाला: अँड्रॉइडवर फॅमिली लिंक, आयपॅडवर स्क्रीन टाइम. राउटरवरच करायचे असेल तर मुलांसाठी वेगळ्या नावाचे वाय-फाय करा, ते रात्री दहाला बंद होईल असे वेळापत्रक लावा, आणि मोठ्यांच्या वाय-फायचा पासवर्ड बदला. पण त्याला आधी सांगून करा. लपूनछपून केलेली बंदी मूल दोन दिवसांत ओळखते आणि मग ती फोडणे हाच खेळ होतो.

राहिले एक, जे तुम्ही विचारले नाही पण पुढच्या आठवड्यात विचाराल: दुकानात बसून मोबाइलवर कुळागर बघता येईल का? १९२.१६८.१.२० हा पत्ता घराच्या आतलाच. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत, ते इंटरनेटवर कुठेच जात नाहीत. राउटरचा बाहेरचा पत्ता त्याच्या स्टेटसच्या पानावर बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल, तर कंपनी अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवत आहे, आणि राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडूनही बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. तो तसा नसला तरी कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडू नका, जगभरातले स्कॅनर अशी उघडी दारे शोधतच असतात. कॅमेऱ्याच्या फोनवर आणि तुमच्या फोनवर टेलस्केल हे ॲप टाका, दोन्हीकडे एकच खाते. वैयक्तिक वापराला ते मोफत आहे. ते प्रत्येक उपकरणाला स्वतःचा एक पत्ता देते आणि तो पत्ता घर, दुकान, मोबाइल डेटा कुठेही तोच राहतो. घरच्या टीव्हीसाठी राउटरमधले रिझर्व्हेशन, बाहेरून बघायला टेलस्केलचा पत्ता, असे दोन्ही ठेवा. बाहेरून पहिल्यांदा तपासताना फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरच बघा, नाहीतर घरात बसून चालले आणि दुकानात गेल्यावर नाही, असे होईल.